बुबुळ बदलल्यावर डोळ्याला स्पर्श कळतो का? चेतातंतूंची वाढ, संवेदना आणि काळजी

पारदर्शक

कॉर्निया म्हणजे डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, या धाग्यात त्यालाच बुबुळ म्हटलंय. त्याच्या प्रत्यारोपणाचा विषय निघाला की नजर किती आली, नंबर किती लागला, रिजेक्शन झालं का (शरीराने नवा पडदा नाकारला का), हेच विचारलं जातं. नव्या बुबुळाला स्पर्श कळतो का, हे फारसं कुणी विचारत नाही. ग्राफ्ट, म्हणजे दात्याचा बसवलेला पडदा, वर्षानुवर्षं नितळ राहण्यात या प्रश्नाचा वाटा मोठा आहे, म्हणून हा धागा.

आधी रचना. कॉर्नियातले चेतातंतू ट्रायजेमिनल या पाचव्या कपालचेतेच्या पहिल्या शाखेतून येतात. त्यांच्या मूळ पेशी कवटीच्या आत, ट्रायजेमिनल गॅंग्लियनमध्ये असतात, डोळ्यात पोचतो तो फक्त लांबलचक धागा. हे धागे बुबुळाच्या कडेने, म्हणजे लिम्बसपाशी, सगळ्या बाजूंनी आत शिरतात. साधारण १ मिमी आत आल्यावर मायलिनचं आवरण टाकून देतात (ते राहिलं तर पारदर्शकपणा जाईल), मग स्ट्रोमाच्या, म्हणजे बुबुळाच्या मधल्या जाड थराच्या, वरच्या भागातून केंद्राकडे सरकतात, त्यावरचा बोमन थर भेदून वर येतात आणि एपिथेलियमच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पेशींच्या थराच्या, तळाशी बारीक जाळं पसरतात. निरोगी डोळ्यात हे जाळं केंद्राच्या किंचित खाली आणि नाकाच्या बाजूला भोवरा घेतं.

या तंतूंची कामं दोन. कचरा, वारा, कोरडेपणा जाणवला की पापणी मिटवणं आणि पाणी आणणं हे एक. दुसरं काम दिसत नाही, पण तितकंच मोलाचं: सबस्टन्स पी, सीजीआरपी अशी रसायनं सोडून एपिथेलियमच्या पेशी जगत्या-वाढत्या ठेवणं. तंतू गेले की इजा कळत नाही आणि झालेली इजा भरूनही लवकर येत नाही.

पूर्ण जाडीच्या प्रत्यारोपणात, म्हणजे पीकेमध्ये, साधारण ७.५ ते ८.२५ मिमी व्यासाची चकती काढून दात्याची चकती बसवतात. काप गोल आणि आरपार असतो, त्यामुळे त्या वर्तुळाच्या आतला प्रत्येक तंतू तुटतो. दात्याच्या चकतीतले तंतू मूळ पेशीपासून तुटलेले असल्यामुळे तेही संपतात. जे काही यायचं ते रुग्णाच्या स्वतःच्या, काठावर उरलेल्या टोकांतून. त्यांना जोडावरचा व्रण ओलांडावा लागतो आणि पलीकडे आधीचे मार्ग जुळतीलच असं नाही.

काठावरची संवेदना काही महिन्यांत यायला लागते, मध्यभागी पोचायला वर्षं लागतात, आणि बऱ्याच डोळ्यांत मध्यभाग पूर्वीसारखा कधीच होत नाही. पीके होऊन दशकं लोटलेल्या डोळ्यांतही कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली (यात जिवंत डोळ्यातले तंतू पाहता येतात) तंतू विरळच दिसतात.

गणिती

एक शंका. हातापायांतली चेता दिवसाला साधारण १ मिमी वाढते असं वाचलंय. चकतीची त्रिज्या ४ मिमी. मग हिशोबाने आठवड्यात काम व्हायला हवं. वर्षं कशी लागतात?

पारदर्शक

@गणिती, तो १ मिमीचा आकडा आवरण शाबूत असलेल्या चेतेचा. हातातली चेता तुटते तेव्हा तिची श्वान पेशींची (चेतेला वेढणाऱ्या पेशींची) नळी बऱ्याचदा उरते किंवा टाके घालून जुळवता येते, आणि नवं टोक त्या नळीतून सरळ पुढे जातं. बुबुळात अशी जुळवाजुळव कोणी करत नाही, एवढे बारीक तंतू शिवणं शक्यही नाही. त्यात जोडावरच्या व्रणातले कोलॅजनचे धागे अस्ताव्यस्त असतात. तंतू तिथे अडतो, वळतो, फाटे फोडतो, कधी काठाकाठानेच फिरत राहतो. काही तंतू व्रणाच्या वरून, एपिथेलियमच्या तळातून पलीकडे जातात. ते काठापर्यंत बरे पोचतात, केंद्रापर्यंत थोडेच.

शिवाय मूळ आजाराचा भाग असतो. केराटोकोनसमध्ये (बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं तो आजार) उरलेला काठ त्यातल्या त्यात सशक्त असतो. नागिणीने किंवा हर्पिस सिम्प्लेक्सने बुबुळ गेलेलं असेल तर काठावरचेच तंतू आजारी, मग आत कोण जाणार? मधुमेह असेल तर आणखी मंद.

रातराणी

हे सगळं पीकेबद्दल झालं. आता बऱ्याच ठिकाणी फक्त आतला थर बदलणाऱ्या डी-मेक, डी-सेक या शस्त्रक्रिया करतात. त्यातही तंतू तुटतात का? आणि वरचे थर बदलणारं डाल्क?

पारदर्शक

डाल्कमध्ये आतला डेसेमेट थर आणि एंडोथेलियम (सगळ्यात आतला पेशींचा थर) रुग्णाचंच राहतं, पण वरचा स्ट्रोमा गोल कापून बदलतात. तंतू वरच्या स्ट्रोमातच असल्यामुळे नुकसान पीकेसारखंच धरायचं. "आतला थर वाचला म्हणजे संवेदना वाचली" हा समज चुकीचा. एंडोथेलियमच्या रिजेक्शनचा धोका टळतो, तो फायदा वेगळा.

डी-सेक आणि डी-मेकमध्ये गोल काप नसतोच. कडेला काही मिमीची खाच घेऊन आतला खराब थर सोलतात, दात्याचा पातळ थर आत सोडतात आणि हवेच्या किंवा वायूच्या बुडबुड्याने चिकटवतात. डी-मेकचा थर जेमतेम १० ते १५ मायक्रॉन जाड. वरचं जाळं जवळपास जसंच्या तसं राहतं, फक्त खाचेच्या बाजूला थोडा भाग बधिर होतो. मात्र फुक्स डिस्ट्रॉफी (एंडोथेलियम झिजण्याचा आजार) किंवा जुनी बुलस केराटोपथी (सुजलेल्या बुबुळावर फोड येणं) असेल तर बुबुळ सुजून सुजून तंतू आधीच कमी झालेले असतात. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी संवेदना तपासून नोंदवलेली बरी. नंतर कमी आढळली तर ती आधीची की आत्ताची, हे सांगता येतं.

सूक्ष्मदर्शी

तपासणीबद्दल लिहितो, कारण ती चुकीच्या क्रमाने होताना फार दिसते.

पहिला नियम: संवेदना सर्वात आधी. बधिरीकरणाचा थेंब, फ्लुरेसिन (जखम दाखवणारा रंग), डोळ्याचा दाब, सगळं नंतर. एकदा प्रोपॅराकेन हा बधिरीकरणाचा थेंब पडला की पुढची तपासणी निरर्थक.

साधी पद्धत कापसाची. कापसाच्या काडीचं टोक ओढून बारीक शेंडी करायची, रुग्णाला समोर दूर बघायला सांगायचं आणि शेंडी बाजूने आणायची. समोरून आणली तर डोळा दिसण्याने मिटतो, स्पर्शाने नव्हे. पापणीच्या केसांना लागली तरी पापणी मिटते आणि "रिफ्लेक्स चांगला" अशी खोटी नोंद होते. मध्यभाग, वर, खाली, नाकाकडे, कानाकडे अशा पाच जागा, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या डोळ्याशी तुलना. ग्राफ्टच्या आत आणि जोडाच्या बाहेर वेगवेगळं तपासायचं. नुसतं "बुबुळाला स्पर्श कळतो" या नोंदीला अर्थ नाही, कारण बाहेरचा काठ शाबूतच असतो.

मोजमाप हवं असेल तर कोशे-बोने एस्थेसिओमीटर. त्यात ०.१२ मिमी जाडीचा नायलॉनचा धागा असतो, ६० मिमीपर्यंत बाहेर काढता येतो. धागा लांब म्हणजे लवचीक, दाब कमी. धागा आखूड म्हणजे ताठ, दाब जास्त. सुरुवात ६० मिमीपासून, धागा बुबुळाला काटकोनात आणून किंचित वाकेपर्यंतच टेकवायचा. कळलं नाही तर ५ मिमीने कमी करत जायचं. एकेका लांबीला काही स्पर्श, त्यातले निम्मे तरी कळले तर ती लांबी धरायची. मधेच खोटा स्पर्श, म्हणजे न टेकवता "कळलं का?" विचारणं, आवर्जून करा. काही लोक डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून प्रत्येक वेळी हो म्हणतात!

निरोगी मध्यभागी उत्तर ६० मिमीच्या आसपास येतं. पीकेनंतरच्या पहिल्या काळात मध्यभाग शून्य येणं नवल नाही. नायलॉन हवेतली ओल धरतो आणि मऊ पडतो, त्यामुळे दमट आणि कोरड्या दिवसांचे आकडे ताडून बघताना जपून.

गणिती

मग कॉन्फोकल कशाला? धाग्याने कळत असेल तर तंतू मोजायची गरज काय?

सूक्ष्मदर्शी

दोन्ही गोष्टी वेगळं सांगतात. कॉन्फोकलमध्ये ४०० बाय ४०० मायक्रॉनची चौकट दिसते. त्यात दिसणाऱ्या तंतूंची एकूण लांबी मोजून चौरस मिमीला किती मिमी, असा आकडा काढतात. ग्राफ्टमध्ये परत आलेले तंतू बारीक, वेडेवाकडे आणि दिशाहीन असतात, मूळचा भोवरा सहसा जमत नाही. तंतू दिसतात पण स्पर्श कळत नाही, असंही होतं. उलटही होतं: चौकट इवलीशी, तंतू शेजारी असतो आणि आपण रिकामी जागा पाहत असतो. म्हणून एकाच चौकटीवरून निष्कर्ष काढू नये. उपचारांचा निर्णय घेताना मी धाग्याच्या आकड्याला आणि एपिथेलियमच्या स्थितीला वजन देईन, कॉन्फोकलचं चित्र त्यानंतर.

टाका

संवेदनेचा रोजचा संबंध टाक्यांशी येतो. पीकेमध्ये १०-० नायलॉनचे टाके असतात, सुटे घातले तर बहुधा १६. हा नायलॉन कायमचा नसतो. वर्ष-दोन वर्षांत झिजून तुटायला लागतो. तुटलेल्या टाक्याचं टोक वर आलं की त्यावर चिकट स्राव अडकतो, तिथे जंतू जमतात, पांढरा डाग पडतो, रक्तवाहिन्या त्या दिशेने सरकतात आणि रिजेक्शनला वाट मिळते. साध्या डोळ्याला असलं टोक असह्य खुपलं असतं. बधिर ग्राफ्टला कळतच नाही.

थोडी मदत शरीर करतं. टोक काठाच्या बाजूला, म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या बुबुळावर वर आलं तर खुपतं. आणि वरच्या पापणीच्या आतल्या बाजूची संवेदना शाबूत असते, त्यामुळे मिटताना "पापणीला काहीतरी घासतंय" असं वाटतं. ही तक्रार किरकोळ समजू नका, त्याच दिवशी दाखवा. टाका घरी ओढायचा नाही, चिमटा तर लांबच. सैल टाका काढताना गाठ जोडातून आरपार ओढली तर बाहेरचे जंतू आत जातात, म्हणून डॉक्टरसुद्धा आधी थेंब टाकून, बाहेर उघडा असलेला भाग आत जाणार नाही अशा बेताने कापून ओढतात.

थेंबथेंब

बाटल्यांचा विषय कुणीतरी काढायलाच हवा होता.

बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे थेंबांमधलं नेहमीचं परिरक्षक. ते एपिथेलियमलाही त्रास देतं आणि तंतूंनाही. ग्राफ्टच्या डोळ्याला स्टिरॉइड, अँटिबायोटिक, काचबिंदूचं औषध, कृत्रिम अश्रू असं सगळं एकदम चालू असतं. प्रत्येक बाटलीतला थोडाथोडा भार एकत्र होतो. निदान वंगणाचे थेंब तरी परिरक्षकविरहित घ्यावेत, आणि काचबिंदूच्या औषधाचा तसा प्रकार मिळतो का ते विचारावं. टिमोलॉल या काचबिंदूच्या औषधाने स्वतःहूनही बुबुळाची संवेदना कमी होऊ शकते, हे लक्षात असू द्या.

डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक हे वेदनाशामक थेंब बधिर ग्राफ्टवर जपून. एपिथेलियम आधीच नाजूक असेल तर त्यांनी स्ट्रोमा विरघळल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. बधिरीकरणाचे थेंब घरी वापरणं तर सरळ आत्मघात.

दोन थेंबांत किमान ५ मिनिटं. मलम सगळ्यांत शेवटी.

पारदर्शक

@थेंबथेंब, सहमत, एक भर घालतो. हे वाचून कुणी स्वतःच स्टिरॉइड कमी करू नये. एपिथेलियम भरत नसेल तेव्हा डॉक्टर स्टिरॉइड कमी करायचा विचार करतात, कारण त्याने भरणं लांबतं. पण बंद केलं तर रिजेक्शनचं दार उघडतं. ही तारेवरची कसरत स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते. वेदनाशामक थेंब मात्र अशा वेळी आधी थांबवतात, तिथे फारसा वाद नाही.

रातराणी

एपिथेलियम भरत नाही म्हणजे नक्की किती दिवस? आणि दुखत नसेल तर घरी कळणार कसं?

पारदर्शक

शस्त्रक्रियेनंतर ग्राफ्टवरचं एपिथेलियम साधारण आठवड्याभरात बंद व्हायला हवं. उपचार नीट चालू असूनही जखम दोन आठवड्यांवर उघडी राहिली तर ती हट्टी जखम समजतात आणि कारण शोधायला लागतात.

तंतू गेल्यामुळे बुबुळाचं असं नुकसान होतं त्याला न्यूरोट्रॉफिक केराटायटिस म्हणतात. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीत पृष्ठभाग निस्तेज, फ्लुरेसिन टाकलं की ठिपके ठिपके. ग्राफ्टवर हे ठिपके कधी वावटळीसारख्या वळणात दिसतात. दुसरीत जखम उघडी: गोल किंवा लंबगोल, कडा गुळगुळीत आणि आत वळलेल्या. कडा अशा वळल्या की पेशी पुढे सरकायच्या थांबल्या असं समजावं. तिसरीत स्ट्रोमा विरघळायला लागतो, तिथून छिद्र पडण्यापर्यंत मजल जाते. तिन्ही पायऱ्यांवर रुग्णाची तक्रार एकच असू शकते: "जरा धूसर दिसतंय". दुखतंय असं तो म्हणणारच नाही.

म्हणून घरी भिस्त डोळ्यांवर ठेवायची, खुपण्यावर नाही. रोज एकाच वेळी, एकाच प्रकाशात, दुसरा डोळा झाकून एकाच अंतरावरची तीच अक्षरं वाचायची. आरशात बुबुळाभोवतीची लाली आणि बुबुळावरचा पांढरा ठिपका बघायचा. लाली, प्रकाशाचा त्रास, नजर घटणं, दुखणं या चारपैकी एक जरी नव्याने आलं आणि टिकलं तर त्याच दिवशी तपासणी. चौथ्याची वाट बघत बसू नये, बधिर डोळ्यात ते येतच नाही.

थेंबथेंब

पहिल्या पायरीवर परिरक्षकविरहित अश्रू, रात्री मलम, नको ती औषधं बंद. दुसऱ्या पायरीवर बॅंडेज लेन्स (जखम झाकणारी कॉन्टॅक्ट लेन्स) आणि सोबत अँटिबायोटिक. बधिर डोळ्यात लेन्सखाली जंतुसंसर्ग झाला तरी कळत नाही, त्यामुळे लेन्स लावून "महिन्याने या" हे चालणार नाही.

स्वतःच्या रक्ताच्या सीरमचे थेंब बरेच ठिकाणी बनवतात, प्रमाण बहुधा २० टक्के, दिवसातून ४ ते ८ वेळा. रक्त गोठू देऊन, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं सीरम घ्यायचं आणि सलाइनमध्ये निर्जंतुक पद्धतीने पातळ करायचं. बाटल्या गोठवून ठेवतात, वापरातली फ्रिजमध्ये. त्यात परिरक्षक नसतं, त्यामुळे बाटलीचं टोक पापणीला लागलं तरी ती बाटली टाकून द्यायची. इन्शुलिनचे सौम्य थेंबही हट्टी जखमेला देतात, पण ते औषधशाळेत बनवलेले. घरची इन्शुलिनची कुपी डोळ्यात टाकायची नाही.

सेनेजर्मिन हे मानवी चेतावर्धक घटक असलेलं औषध आहे, एका मिलिलिटरमध्ये २० मायक्रोग्रॅम. युरोपात २०१७ मध्ये आणि अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. दिवसातून ६ वेळा, दर २ तासांनी एक थेंब, ८ आठवडे. उघडलेली कुपी १२ तासांत संपवायची, उरलं तर फेकायचं. लेन्स असेल तर काढून थेंब टाकायचा आणि १५ मिनिटांनी परत घालायची. औषध चालू असताना डोळा दुखू लागतो अशी तक्रार बऱ्यापैकी येते.

आडवाटेने

उलटी तक्रारही असते. ग्राफ्ट नितळ, जखम नाही, टाके काढलेले, आणि तरी डोळा जळजळतो, वारा सहन होत नाही. डॉक्टर म्हणतात काहीच दिसत नाही. हे काय असतं?

सूक्ष्मदर्शी

@आडवाटेने, आधी साधी कारणं बाद करायची: कोरडेपणा, पापणीतल्या मायबोमियन ग्रंथींची सूज, आत वळलेला पापणीचा केस, लपलेला टाका. ती नसतील तर चेतातंतूंचीच वेदना असू शकते. व्रणाशी अडलेले तंतू गाठी करतात आणि कारण नसताना संदेश पाठवत राहतात. गंमत अशी की त्याच ग्राफ्टचा मध्यभाग धाग्याला उत्तर देत नाही! बधिरपणा आणि जळजळ एकाच डोळ्यात नांदू शकतात.

दवाखान्यात प्रोपॅराकेनचा एक थेंब टाकून बघतात. जळजळ पूर्ण थांबली तर उगम बुबुळात. अजिबात फरक नाही तर वेदना मेंदूच्या पातळीवर रुजलेली, तिला थेंब पुरत नाहीत, गॅबापेंटिनसारखी पोटातून घ्यायची औषधं लागतात. अर्धवट फरक म्हणजे दोन्हीचं मिश्रण. ही चाचणी आहे, उपचार नव्हे.

रातराणी

संवेदना पूर्ण गेलेलीच असेल, नागिणीमुळे समजा, तर त्या डोळ्यावर प्रत्यारोपण करावं का?

पारदर्शक

नुसतं प्रत्यारोपण केलं तर ग्राफ्टवरही तीच जखम परत होण्याचा धोका मोठा. अशा वेळी कॉर्नियल न्यूरोटायझेशनचा, म्हणजे बुबुळाला दुसरीकडची चेता आणून देण्याचा, विचार होतो. कपाळावरची निरोगी बाजूची सुप्राट्रॉक्लिअर किंवा सुप्राऑर्बिटल चेता घेतात. ती थेट वळवून आणतात, किंवा पोटरीतली सुरल चेता मधे जोड म्हणून वापरतात. तिचं टोक सुटं करून कंजंक्टायव्हाखालून (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखालून) लिम्बसभोवती पसरवतात. तिथून तंतू आत वाढतात. संवेदना जाणवायला काही महिने लागतात, वर्षभर तरी धीर धरावा लागतो. पोटरीतून चेता घेतली तर पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा राहतो, हे आधी सांगितलं गेलं पाहिजे. सुरुवातीला बुबुळाला हात लावला की कपाळावर लावल्यासारखं वाटतं, त्यात घाबरण्यासारखं नाही.

क्रम असा की आधी चेता, मग ग्राफ्ट. ग्राफ्टच्या कापात नवे तंतूही तुटतात, पण या वेळी काठाशी जिवंत स्रोत असतो. आणि दोन्हींच्या आधी पापणी तपासा. सातव्या चेतेच्या लकव्यामुळे डोळा मिटत नसेल तर बधिर ग्राफ्ट उघडाच राहणार. पापणीचा बाहेरचा भाग शिवून घेणं दिसायला बरं नाही, पण कैक ग्राफ्ट त्यानेच वाचले आहेत.

गणिती

टाके निघाले, नजर स्थिर झाली, संवेदना अर्धवट. मग संरक्षक चष्मा कधीपर्यंत?

टाका

पीके असेल तर कायम. जोडाला मूळच्या बुबुळाची ताकद पुन्हा कधीच येत नाही, जोराचा मार लागला तर वर्षांनंतरही तो उसवतो. कामावर कण उडत असतील तर बाजू झाकणारा चष्मा. झोपताना ढाल निदान पहिले काही महिने, आणि हाताने डोळा चोळायची सवय असेल तर त्यापुढेही.